खडूचा अंगठा

आमच्या मिरजेच्या अग्निबाण मंडळात उड्डाणाला टाळ्या वाजवत नाहीत. बाण सुटला, धूर झाला, पोरं किंचाळली, तरी आमचे लोक हाताची घडी घालून वर बघत राहतात. वर काय, दिवाळीतलं रॉकेटही जातं. बाणाचं नाक वर नेमक्या जागी सुटलं, आतली छत्री बाहेर पडून फुलली, की मग टाळ्या. सांगलीचं मंडळ बाण हलायच्या आधीपासूनच टाळ्या पिटत असतं. पण सांगलीकरांबद्दल मी फार बोलत नाही, कारण माझं माहेर तिथलंच.

पूर्वी गावोगाव गणपतीची मंडळं असत, आता त्यांच्या शेजारच्या खोलीत अग्निबाणाची मंडळं आली आहेत. परवानगीच्या मोटरी, म्हणजे दारू भरलेल्या तयार नळ्या, बाजारात मिळू लागल्या आणि हा छंद पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळ्यांना लागला. थंडीत जतच्या माळावर मेळावा भरतो. आमचं मंडळ मी सुरू केलं, शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होते तेव्हा. माझे यजमान दस्तगीर तानपुरे बनवतात. ते एकदा माळावर माझा डबा घेऊन आले आणि राहिले ते राहिलेच. आता मंडळ त्यांचंच आहे, मी नावाला.

त्याचं कारण सांगते. छोट्या बाणाचे दोन भाग असतात. खाली मोटर आणि पंख असलेली नळी, वर उपकरणं बसवलेलं जड नाक. छत्री मध्ये असते, म्हणून हा सांधा सुटता ठेवावा लागतो. पण किती सुटता? सैल राहिला तर मोटर विझताक्षणी घात होतो. पंखांना हवा अडवते, नळी मागे रेंगाळते, जड नाक मात्र आपल्याच वेगात पुढे धावतं. मग नाक भलत्या वेळी निसटतं आणि त्या वेगात छत्रीच्या चिंध्या होतात. सांधा जास्त घट्ट झाला तर छत्री आतच राहते आणि बाण भाल्यासारखा जमिनीत घुसतो. सगळी मंडळं यावर एकच उपाय करतात. नाकाच्या गळ्याला कागदी चिकटपट्टीचे वेढे द्यायचे, नाक नळीत बसवायचं आणि नाकाला धरून अख्खा बाण उचलायचा. लोंबकळला पाहिजे, पण जरा हिसका दिला की सरकला पाहिजे.

हे जोखण्यात दस्तगीरांच्या हाताला तोड नाही. तानपुऱ्याची खुंटी फिरलीही पाहिजे आणि फिरवून सोडली की तिथेच थांबलीही पाहिजे. त्यासाठी तिला खडू लावतात. यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडू आणि उजवा अंगठा कायम पांढरा. आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या हिरव्या ओढणीवर खांद्यापाशी पांढरा ठसा दिसतो, तो यांचाच. त्यांनी नाकाला धरून उचलून बघितल्याशिवाय मंडळाचा एकही बाण उड्डाणाच्या दांडीवर चढत नाही.

आमची लेक अंजुम बंगळूरला रेणूंवर संशोधन करते. त्या वर्षी मेळाव्याच्या आधी ती थर्मासचा डबा घेऊन घरी आली. डब्यात ओल्या पापडासारखी पातळ, पारदर्शक पट्टी होती.

"ह्याला हात लावायचा नाही हां, अब्बा," ती जेवायला बसता बसता म्हणाली.

"न्हाई लावत. पण आहे काय ते?"

"लघवीच्या मार्गात जंतू होतात ना—"

"जेवताना?" मी म्हटलं.

"अम्मी, ऐक तर. लघवीच्या धारेत तो जंतू वाहून कसा जात नाही? त्याच्याकडे एक आकडा असतो, गळासारखा, प्रथिनाचा. धार नसली की आकडा सैल असतो, जंतू आरामात फिरतो. धार आली, ओढ बसली, की तो आकडा मिटतो. जेवढं ओढाल तेवढा घट्ट धरतो. ओढणं थांबलं की आपोआप सोडतो."

मी घास तसाच धरून बसले. सगळं आयुष्य मी मुलांना शिकवलं, की दोरी जास्त ओढली तर तुटते. आणि इथे एक यःकश्चित जंतू, कोट्यवधी वर्षांपासून, आपल्या मूत्रमार्गाच्या अंधारात उलटंच करत बसला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. मला खरोखर शहारा आला. भात गार झाला तो झालाच.

अंजुमने त्या आकड्याची नक्कल केली होती. आकड्याला दांडा जोडला होता आपल्याच शरीरातला. आपल्या पेशी एकमेकींना ज्या रेणूंनी धरून ठेवतात, त्यातला. असे अब्जावधी आकडे त्या पट्टीत बसवले होते.

"आता बाणात बघ," ती मला म्हणाली. "मोटर चालू असताना नळी नाकाला खालून ढकलते, प्रश्नच नाही. मोटर विझली की नाक पुढं पळायला बघतं, सांध्याला ओढ बसते. पट्टी धरते. बाण वर जाऊन थांबला की हवेचा अडसर संपला, ओढ संपली..."

"आणि पट्टी सोडते," मी म्हटलं. "बरोबर शेंड्यावर! आत एक हलकी स्प्रिंग ठेवली की झालं. ना टायमर, ना बारूद."

"मोठ्या यानांचे भाग आजही स्फोट करून वेगळे करतात, अम्मी. माणसं बसलेली असताना. मला ते बंद करायचंय."

दस्तगीरांनी त्या पट्टीचं लगेच बारसं केलं. "हट्टी पट्टी," ते म्हणाले. "ओढलं की धरते. आपल्या अंजूसारखी."

मग अंजुमने खरी गोष्ट सांगितली. तिच्या प्रकल्पाचे निर्णय घेणाऱ्या कामाक्षीबाई स्वतः माळावर येणार होत्या. खऱ्या उड्डाणात पट्टी आपोआप सुटलेली त्यांना बघायची होती. सुटली तर काम पुढे जाणार, नाही तर प्रकल्प गुंडाळून अंजुमला दुसऱ्या विभागात टाकणार.

"म्हणून अब्बा, ह्या सांध्याला तुमचा हात नको. राग मानू नका."

"राग कसला?" दस्तगीर म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले. बराच वेळ नळ वाहत होता.

*

माळावर त्या दिवशी वारा पडलेला होता. गवत वाळून पिवळं झालेलं, आभाळ इतकं स्वच्छ की बघून डोळे दुखावेत. कामाक्षीबाई सुती साडी, पायात बूट आणि डोक्याला रुमाल अशा आल्या. पुण्यात काही वर्षं काढल्यामुळे त्यांना मराठी येत होती, पण पुस्तकातल्यासारखी. "प्रारंभ करा," त्या म्हणाल्या.

अंजुमने पट्टी नाकाच्या गळ्याला गुंडाळली, नाक नळीत बसवलं आणि बाण उचलून दांडीकडे निघाली. मंडळाची माणसं जागची हलली नाहीत. सगळे दस्तगीरांकडे बघत होते. ते लांब, गाडीच्या सावलीत, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. शाळेत वर्गाबाहेर काढलेला मुलगा उभा राहतो तसे.

"काय झाले?" कामाक्षीबाईंनी विचारलं.

"काही नाही," अंजुम म्हणाली आणि थांबली. माझी पोर हट्टी आहे, पण दगड नाही. ती मागे वळली. "अब्बा, या. एकदा उचलून बघा. फक्त उचलून."

दस्तगीर असे आले, की जणू बोलावण्याची वाटच बघत नव्हते. त्यांनी नाकाला धरून बाण उचलला. बाण लोंबकळला. हलकेच हिसका दिला, तसा तो आणखीच घट्ट बसला. "या अल्ला," ते पुटपुटले आणि लहान मुलासारखे हसले. मग त्यांनी ओढ सोडली, नाक फिरवत बोटभर वर काढलं, पट्टीची वर आलेली कड अंगठ्याने दाबली आणि नाक पुन्हा बसवलं. प्रत्येक खुंटी ते अशीच बसवतात. मी शेजारीच उभी होते, मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. अंजुम तेव्हा दांडीचा कोन बघत होती.

बाण सुटला.  आवाज आधी छातीत येतो, मग कानात. पांढरी रेघ सरळ वर चढत गेली, मोटर विझली, आणि मग सगळं शांत. एक बारीक काडी नुसत्या वेगावर निळ्यात शिरत होती. नाक जागच्या जागी होतं. हट्टी पट्टीने धरलं होतं.

"धरलं!" अंजुम म्हणाली.

काडी संथ झाली. थांबली. जमीन आणि आभाळ यांच्यामध्ये कुणाचीच नसल्यासारखी अधांतरी राहिली. आता. आता सुटेल.

नाक सुटलं नाही.

काडी कलली, उलटी झाली आणि खाली यायला लागली.  वाऱ्याला फाडत येणारा तो आवाज वाढत गेला आणि समोरच्या गवतात धप्प झालं. मंडळातल्या सगळ्यांचे हात घडीतच राहिले.

*

बाण गळ्यापर्यंत मातीत रुतला होता. नळी उभी चिरली होती, तरी नाक तिला धरून होतं. मंडळातल्या दोघा तगड्या माणसांनी तो उपटून काढला आणि दोन बाजूंनी ओढून बघितला. माणसं दमली, सांधा हलला नाही.

"कोणी हात लावला होता का?" कामाक्षीबाईंनी विचारलं.

"मी," दस्तगीर म्हणाले. लगेच म्हणाले, कुणाकडे न बघता.

"मीच सांगितलं होतं त्यांना," अंजुमने सांगितलं.

"तिनं फकस्त उचलायला सांगितलं होतं. मी नाक वर काढलं. दाबलं. माझं चुकलं."

 अंजुमचा चेहरा पांढराफटक पडला होता. गुडघ्यांवर बसून तिने नळीच्या चिरेतून आत बघितलं, मग नखाने पुठ्ठा सोलायला सुरुवात केली. सोलता सोलता तिचा हात थांबला. "अम्मी," ती इतक्या हळू म्हणाली, की मलाच वाकावं लागलं.

पट्टी चहूबाजूंनी सुटलेली होती. तिने आपलं काम चोख केलं होतं, शेंड्यावर सोडलं होतं. फक्त एकाच जागी ती नळीला धरून होती, आणि तिथे तिच्यात एक पांढरा अंगठा उमटलेला होता. रेघा न् रेघा दिसत होत्या. वरून कोसळणाऱ्या बाणाची ओढ, दोन माणसांची ताकद, सगळं त्या एका अंगठ्याएवढ्या जागेने पेललं होतं.

"खडू," अंजुम म्हणाली. "कॅल्शियम."

मग ती उभी राहिली आणि भराभर बोलायला लागली, कामाक्षीबाईंशी, माझ्याशी, स्वतःशीच. आकड्याचा दांडा आपल्या पेशींमधला. पेशींमध्ये तो दांडा ताठ राहतो कॅल्शियममुळे. तिने पट्टीतून कॅल्शियम धुऊन काढलं होतं, म्हणजे ती पटकन सोडेल. ते परत मिळालं तर थोडं घट्ट धरेल, एवढं तिला माहीत होतं. इतकं धरेल, असं तिच्या गणितात कुठेच नव्हतं. ओलसर पट्टीत खडू विरघळला आणि तेवढ्या जागी दांडे ताठ होऊन कुलूपबंद झाले.

"म्हणजे हा कायमचा जोड झाला?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "डब्यात लिंबू आहे?"

"आत्ता? लिंबू?"

"अम्मी, लिंबू!"

मटणाच्या खिचड्याबरोबर लिंबाच्या फोडी होत्याच. शिकवताना मीच कधी काळी फळ्यावर लिहिलं असेल, की लिंबातलं आम्ल कॅल्शियमला पकडून नेतं. अंजुमने एक फोड त्या पांढऱ्या ठशावर पिळली. आम्ही सगळे, कामाक्षीबाईंसकट, गवतात उकिडवे बसून बघत होतो. थेंब ठशाच्या रेघांमधून पळाला, एका रेघेतून दुसऱ्या रेघेत, जणू त्याला वाट माहीत होती. अंजुमने दोन बोटांनी नाक धरलं आणि उचललं. पातेल्यावरचं झाकण उचलावं तसं ते हातात आलं.

 दोन माणसांना न हटलेली गोष्ट एका फोडीने सोडली होती. ज्या रेणूंनी माझं कातडं माझ्या अंगावर धरून ठेवलं आहे, त्यांचीच ती करामत होती. मी माझ्याच हाताकडे नव्याने बघितलं आणि माझे डोळे भरून आले.

मंडळातल्या कुणीतरी टाळीसाठी हात उचलले. दस्तगीरांनी त्याला नजरेनेच थांबवलं. जमिनीवर सुटलेल्याला टाळ्या नसतात.

कामाक्षीबाईंनी रुमाल सोडून घाम पुसला. "उड्डाण अयशस्वी," त्या म्हणाल्या. "मी तसेच कळवीन." मग चार पावलं गेल्यावर वळल्या. "लिंबाचेही कळवीन."

*

प्रकल्प वाचला. अंजुम परत गेली. घरी मात्र दुसरंच काही बिघडलं. दस्तगीरांनी खिशातला खडू काढून फळीवर ठेवला आणि माळावर येणं बंद केलं. मंडळाचे लोक बोलवायला आले, की यांची तब्येत बरी नसायची. खुंट्यांना त्यांनी खडूऐवजी कसली तरी बाजारची पूड लावून बघितली, गिऱ्हाइकांच्या तानपुऱ्यांचे सूर उतरायला लागले. लेकीचा फोन आला की, "छान, छान. अम्मीशी बोल."

एक दिवस चहाचा कप घेताना मला त्यांचा अंगठा दिसला. स्वच्छ, कातड्याच्या रंगाचा. लग्नापासून मी तो तसा कधी पाहिला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. लेकीचं काम मोठं झालं याचा आनंद होता, आणि त्यापायी माझ्या माणसाचा हात गेला याचं दुःख होतं, आणि दोन्ही एकाच वेळी होतं.

अशी वर्षं गेली. मग अंजुम स्वतः आली, न कळवता, आणि वडिलांसमोर बसली.

"अब्बा, यानाचा सांधा होतोय. माणसं जाणाऱ्या यानाचा. तुम्हाला यावं लागेल."

"मी कशाला? मी पुन्हा काहीतरी बिघडवीन."

"एवढ्या जड सांध्याला नुसती पट्टी पुरत नाही, म्हणून आम्ही यंत्राने कॅल्शियमचे ठिपके देऊन बघितले. गोल, चौकोनी, सगळे. कडेला ताण साठतो आणि पट्टी तिथेच फाटते. आणि लिंबाचं आम्ल आत पोचेपर्यंत उशीर होतो." तिने खिशातून एक चित्र काढलं. माळावरचा तो ठसा होता, मोठा केलेला. "ह्या रेघांमध्ये ताण वाटला जातो. आम्ल रेघांतून धावतं. पट्टीची ओढ संपली की आतल्या आम्लाच्या पिशव्या आपोआप फुटतात आणि डोळे मिटायच्या आत सगळं सुटतं. आमच्या सांध्याच्या गोल कड्यावर सगळीकडे हाच अंगठा छापलाय, अब्बा. तुमचा. सगळी जागा भरलीय, एक सोडून."

दस्तगीर त्या चित्राकडे बघत राहिले.

"मला त्या दिवशी तुमचा फार राग आला होता," अंजुम म्हणाली.  "दोनच घटका. तुम्ही मात्र एवढी वर्षं धरून बसलात."

"हट्टी पट्टी," मी म्हटलं, "कुणावर गेली ते आता कळलं."

दस्तगीर हसले नाहीत. पण उठले, फळीवर हात फिरवला आणि धूळ बसलेला खडू सदऱ्याच्या खिशात टाकला.

*

त्या कारखान्यात आम्हाला पांढरे झगे, टोप्या, मोजे घातले. यानाचं कडं आमच्या घराच्या अंगणापेक्षा मोठं होतं आणि त्याच्या कडेने, ओळीने, गोल, अंगठेच अंगठे उमटलेले. देवाच्या दारी अंगठा उठवून हजेरी लावायला एखादा माणूस पुन्हा पुन्हा आला असावा असं वाटलं. दस्तगीरांच्या खिशातला खडू कारखान्याच्या लोकांनी दारातच ठेवून घेतला होता, अंजुमने बशीत दुसरा, शुद्ध केलेला आणला. केस पांढरे झालेल्या कामाक्षीबाई शेजारी उभ्या होत्या.

दस्तगीरांनी धुतलेला अंगठा बशीत बुडवला, मोकळ्या जागी टेकवला, दाबला. मग त्या अवाढव्य कड्याकडे वर बघून गंभीरपणे विचारलं, "आता उचलून बघू का?"

कामाक्षीबाई इतक्या हसल्या की त्यांच्या टोपीतून केस निसटले.

उड्डाणाच्या संध्याकाळी आम्ही पाहुण्यांच्या गॅलरीत होतो. समुद्रावर अजून उजेड होता. यानात तीन माणसं होती. अंजुम आत, पडद्यांसमोर बसलेली. मोटर विझल्यावर खालचा भाग सुटला नाही, तर वरचं इंजिन पेटवता येणार नव्हतं आणि त्या तिघांचं पुढे काय होणार, हे गॅलरीत कुणी बोलत नव्हतं.

जमीन थरथरली. आगीचा खांब उभा राहिला आणि त्यावर ते यान चढत गेलं. आवाज आला तसा गॅलरीत टाळ्यांचा कडकडाट झाला, लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले. आम्ही दोघं हाताची घडी घालून वर बघत होतो. शेजारच्या बाईंना आम्ही बहुधा विचित्र वाटलो.

टाळ्या थांबल्या. लोक फोन काढून बोलायला लागले, काही खुर्च्यांवर बसले. वर तो ठिपका मावळत्या उन्हात जाऊन पेटल्यासारखा चमकत होता, त्याच्याभोवती धुराचं निळसर फूल उमललं होतं, अर्ध्या आभाळाएवढं. मग ठिपका विझला. मोटर बंद झाली होती. मी दस्तगीरांचा दंड धरला. 

एका ठिपक्याचे दोन झाले. कसलाही धक्का नाही, ठिणगी नाही. कुणी कुणाचा हात सोडून निघावं तसे ते अलगद लांब झाले. खालचा मागे राहिला, आणि वरचा, थोडा वेळ तसाच जाऊन, पुन्हा पेटला.

"मुनीरा," दस्तगीर म्हणाले, "सुटलं."

आणि त्या बोलत्या, पांगत्या गर्दीत आम्ही दोघंच टाळ्या वाजवायला लागलो. लोक वळून बघायला लागले. यांच्या हातांतून दर टाळीला पांढरी धूळ उडत होती.